धाकटी ओयार्सो

माझ्या निवृत्तीला तेव्हा अकरा महिने उरले होते आणि सान्ता एदुविहिस बालिकाश्रमाची एकशे चाळीस खोकी अजून उघडायची होती. आश्रम कधीच बंद पडला होता, इमारत विकली गेली होती. कागद मात्र कुणालाच नको होते, म्हणून ते तीन वर्षांपूर्वी वाल्दिवियाच्या आमच्या दप्तरखान्यात येऊन पडले. आमच्या म्हणजे माझ्याच. वरच्या मजल्यावर संचालक बसतात. खाली मी, ओतिलिया बार्रिया, आणि भिंतीतून झिरपणारी ओल.

आश्रमात वाढलेल्या बायका अधूनमधून येतात. कुणाला जन्मतारीख हवी असते, कुणाला आईचं नाव. मी खोकं शोधते, कागद काढते, पाण्याचा ग्लास पुढे करते. पहिल्या वर्षी मी त्यांच्याबरोबर रडायचे. पुढे पुढे पाणी तेवढं वेळेवर देऊ लागले.

सुनिल्दा ओयार्सो आली ती जूनमधल्या एका मंगळवारी. नदीपलीकडच्या कोर्रालहून, आधी लाँचने, मग बसने. बुटकी, रुंद खांद्यांची, सदुसष्ट वर्षांची बाई. शिंपले सोलून सोलून बोटं वाकडी झालेली. तिने ओला स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, न विचारता बसली, आणि पिशवीतून खायच्या सुकवलेल्या शिंपल्यांची एक माळ काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"हे तुम्हाला. लाच नाही, भेट आहे. लाच द्यायची असती तर खेकडा आणला असता."

"काय हवंय बाई तुम्हाला?"

"कागद. माझे आणि माझ्या बहिणीचे. माझे नाही मिळाले तरी चालतील. मी कोण आहे ते मला ठाऊक आहे."

बहिणीचं नाव एल्सिरा. आई क्षयाने गेली तेव्हा दोघींना आश्रमात घातलं, सुनिल्दा सहा वर्षांची आणि एल्सिरा दोन. साठ सालच्या मे महिन्यात तो मोठा भूकंप झाला. त्यानंतर काही आठवड्यांनी एल्सिरा आश्रमातून दिसेनाशी झाली. आश्रम चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी सुनिल्दाला बोलावून सांगितलं, तुझ्या बहिणीला सान्तियागोच्या एका डॉक्टरांच्या घरी दिली, तिचं नशीब उघडलं, आता रडायचं नाही.

"मी रडले नाही," सुनिल्दा म्हणाली. "मला राग आला. आजतागायत आहे. साठ वर्षांत एक पत्र नाही हो! तिकडे पियानो वाजवत असेल. आणि मी इथे बर्फासारख्या पाण्यात हात घालून शिंपले सोलतेय. एकदा त्र्याऐंशी साली नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी सान्तियागोला गेले होते, तेव्हा बसस्थानकावर उभी राहून बायकांच्या हनुवट्या बघत बसले. आमच्या घरात सगळ्यांची हनुवटी अशी आहे, ही बघा, पावाच्या टोकासारखी. दोन तासांत एकही दिसली नाही."

"मग आत्ताच का आलात?"

"नवरा गेला मार्चमध्ये. तो म्हणायचा, जिला तुझी आठवण नाही तिच्यामागे कशाला धावतेस. आता तसं म्हणायला कुणी राहिलं नाही."

मी तिचं नाव, गाव, फोन नंबर लिहून घेतला. शोधायला वेळ लागेल म्हणाले. तिने मान डोलावली आणि म्हणाली, "साठ वर्षं थांबलेय. तुम्ही आपला चहा पिऊन शोधा."

तिचा स्वतःचा कागद दोन दिवसांत सापडला. प्रवेश-नोंदवहीत एकच ओळ: ओयार्सो सुनिल्दा, वय सहा, उवा, डाव्या कानात पू, वाचता येत नाही, हट्टी. खालच्या ओळीवर एल्सिराचं नाव असायला हवं होतं. तिथे शाई ओलीने पसरून निळा डाग झाला होता.

मग मी रोज दुपारी तासभर त्या साठ सालच्या खोक्यांना देऊ लागले. बाहेरगावी पाठवलेल्या मुलींची यादी होती, बत्तीस नावं, त्यांत ओयार्सो नव्हती. दत्तक दिलेल्यांची यादी होती, त्यातही नव्हती. गुडघे आखडत होते. फळीवरून खोकं उतरवायचं, चाळायचं, परत चढवायचं. संचालक, माझ्या मुलाच्या वयाचे, जिन्यात भेटले की विचारायचे, "ओतिलियाबाई, या महिन्यात किती खोकी झाली?" मी आकडा सांगायचे. तो त्यांना नेहमी कमी वाटायचा, आणि होताही कमीच.

तिसऱ्या आठवड्यात चित्रं सापडली.

तपकिरी कागदात बांधलेलं एक पुडकं होतं. भूकंपानंतर आश्रमाच्या शाळेतल्या एका शिक्षिकेने मुलींना कागद आणि रंगखडू देऊन सांगितलं होतं, जे आठवतंय ते काढा. एक्केचाळीस चित्रं. बहुतेकींनी पडकी घरं काढली होती, तिरकी झाडं, नदीत उलटलेलं जहाज. एकीने नुसता काळा रंग दाबून दाबून कागद फाडला होता. प्रत्येक चित्रामागे त्या शिक्षिकेने पेन्सिलीने मुलीचं नाव आणि मुलगी जे बोलली ते जसंच्या तसं लिहून ठेवलं होतं. तिला हे करायला कुणी सांगितलं होतं असं वाटत नाही. आश्रमाच्या कुठल्याच आदेशात चित्रांचा उल्लेख नाही.

सव्विसावं चित्र सुनिल्दाचं होतं. मी फोन केला. दुसऱ्या दिवशी पहिल्या लाँचने ती आली.

चित्रात एक लांबलचक टेबल होतं, पाय वाकडेतिकडे, वरच्या ताटल्या हवेत उडालेल्या. टेबलाखाली दोन मुली. एक मोठी, एक छोटी, दोघींच्या हनुवट्या टोकदार. मोठीच्या हातात छोटीचा हात होता. खरं तर तो हात होता की नुसतीच दोघींना जोडणारी जाड तांबडी रेघ, सांगणं कठीण.

सुनिल्दा बराच वेळ बघत राहिली. मग तिने चित्र बाजूला सारलं.

"हे खोटं आहे," ती म्हणाली.

"तुमचंच आहे. मागे नाव आहे."

"माझं असेल, पण खोटं आहे. मी पळाले होते, बाई. रविवार होता, दुपारचं जेवण होऊन भांडी उचलत होतो. जमीन हलायला लागली तशी मी तिचा हात सोडून अंगणात पळाले. ती आत राहिली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. म्हणूनच तर तिला माझ्यापासून काढून घेतली, असं मला वाटायचं. जी हात सोडते तिला बहीण कशाला ठेवायची? पोरं काय, जे व्हायला हवं होतं ते काढतात."

मी चित्र उलटं केलं आणि मागची पेन्सिल वाचली. ओयार्सो सुनिल्दा, आठ वर्षं. म्हणते: मी तिचा हात इतका घट्ट धरला की ती मला चावली.

"चावली?" सुनिल्दा म्हणाली.

"असं लिहिलंय."

मला एक गोष्ट आठवली. साठ सालच्याच खोक्यात आश्रमाची औषधपाण्याची वही होती. कुणाला काय लागलं, कुणाला काय लावलं, याची रोजची नोंद. ती आणून मी तेवीस मेचं पान काढलं. भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी, अर्धं शहर जमीनदोस्त झालेलं असताना, कुणीतरी शांतपणे बसून अठरा मुलींच्या जखमा लिहून काढल्या होत्या. अकराव्या क्रमांकावर होतं: ओयार्सो सु., डावा हात, दातांचे वळ, आयोडीन लावलं.

सुनिल्दाने ती ओळ मला दोनदा वाचायला लावली. चष्मा तिच्याकडेही होता, पण तिला ती ऐकायची होती. मग तिने डावा हात वर-खाली करून पाहिला. सुऱ्यांचे, शिंपल्यांच्या कडांचे इतके व्रण होते त्यावर की साठ वर्षांपूर्वीचे दात कुठे दिसणार!

"मग मी पळाले ते कधी?"

"नंतर पळाला असाल. टेबलाखालून निघाल्यावर सगळेच अंगणात पळाले असतील."

"चावरी होतीच ती," सुनिल्दा म्हणाली, आणि तिला हसू आलं. हसताना तिने तोंडावर हात धरला. "आमच्या आईलासुद्धा चावायची. मेली!"

त्या दिवशी ती खुशीत गेली. जाताना म्हणाली, "आता सापडली की तिला सांगेन, तुझे दात सरकारी वहीत लागलेत."

म्हणूनच पुढचं मला जड गेलं.

आश्रमात ओर्तेन्सिया नावाची एक मदतनीस होती. मुलींना आंघोळ घालायची, केस विंचरायची, आजारी पोरींपाशी बसायची. पगारपत्रकात तिचं आडनाव तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलंय. तिची एक स्वतःची वही निघाली, वाणसामानाच्या हिशेबाची असावी तशी लांबट. शुद्धलेखन असं की शब्द मोठ्याने उच्चारल्याशिवाय कळू नयेत. ती वही माझ्या हाती लागली जुलैच्या शेवटी. इतर कागदांत जी मुलगी 'एल्विरा ओयार्सून' नावाने एका वेगळ्याच फायलीत पडली होती, ती कोण हे त्या वहीने मला सांगितलं. कारकुनाने नाव चुकीचं उतरवलं होतं. ओर्तेन्सियाला शुद्ध लिहिता येत नव्हतं, पण माणसं ओळखू येत होती. ती हिला 'धाकटी ओयार्सो' म्हणायची.

भूकंपानंतर गावात गोवर पसरला होता. दवाखान्याची इमारत उभी नव्हती, रोगी तंबूंत होते. ओर्तेन्सियाने लिहिलं होतं:

'३१ जुलै. आज माझी सुट्टी. धाकट्या ओयार्सोला तंबूत बघून आले. छातीत घरघर आहे. दूध घेतलं नाही. थोरलीने चित्र दिलं होतं ते नेलं. उशीखाली ठेव म्हणाली. ठेवलं.'

'७ ऑगस्ट. सुट्टी. बघायला गेले. खाट रिकामी. गुरुवारीच गेली म्हणाले. आम्हाला कुणी कळवलं नाही. चित्र मागितलं, दिलं नाही, रोगाची वस्तू म्हणून.'

'८ ऑगस्ट. मोठ्या बाईंचा हुकूम झाला. थोरलीला सान्तियागो सांगायचं. मी होय म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही.'

मी वही मिटली आणि वरच्या मजल्यावर गेले. नियम असा आहे की मृत्यूची नोंद असेल तर ती समुपदेशकाच्या हजेरीत सांगायची. आमच्याकडे समुपदेशकाचं पद आहे, माणूस नाही, दोन वर्षं झाली.

"थांबूया ना," संचालक म्हणाले. "मी पुन्हा पत्र लिहितो. पद भरलं की रीतसर सांगू."

"साहेब, ती बाई सदुसष्ट वर्षांची आहे. पद भरेपर्यंत तिचीच फाईल व्हायची इथे."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. माणूस वाईट नाही. म्हणाले, "मी येऊन बसू का?"

"नको. दोघं दिसलो तर तिला आधीच कळेल."

तरी तिला आधीच कळलं. मी फोनवर नुसतं 'या' म्हणाले होते. ती आली, दारातच थांबली, स्वेटर काढला नाही.

"तुमचा आवाज मागच्या वेळेसारखा नव्हता," ती म्हणाली. "मेली ना ती?"

मी टेबलामागे उभीच होते. "हो," म्हणाले.

"कधी? पत्ता सापडला का? मुलंबाळं आहेत?"

"सुनिल्दाबाई, ती सान्तियागोला गेलीच नाही. साठ सालीच गेली, ऑगस्टमध्ये. गोवर झाला होता, मग छातीत उतरला."

ती खुर्चीचा हात धरून हळूहळू बसली. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. तो तिने बाजूला सरकवला, इतक्या जोरात की पाणी माझ्या कागदांवर सांडलं.

"चार वर्षांची?"

"चार."

"मग मी साठ वर्षं भांडत कुणाशी होते?" तिचा आवाज चढला. "सांगा ना! त्या पियानोवाल्या बाईशी रोज भांडायचे मी. शिंपले सोलताना भांडायचे. पोराचं लग्न झालं तेव्हा म्हटलं, आली नाहीस, बघ. नवरा गेला तेव्हा म्हटलं, बघ, आताही नाही आलीस. ती कोण होती? कोण होती ती बाई?"

मी कागद पुसत राहिले. मग वाटलं, हे काय करतेय मी, आणि फडकं ठेवून तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. ओर्तेन्सियाची वही तिच्यासमोर उघडली आणि त्या तीन नोंदी वाचल्या. घाई न करता, तिच्या चुकांसकट.

"ओर्तेन्सिया," सुनिल्दा म्हणाली. "डोळ्यावर फूल पडलेलं होतं तिच्या. मी तिला विचारायचे, ओर्तेन्सिया, एल्सिरा पत्र कधी पाठवेल? ती काहीच बोलायची नाही. माझे केस इतके ओढून विंचरायची की डोळ्यांत पाणी यायचं. मला वाटायचं ही बहिरी आहे, नाहीतर माझ्यावर डूख धरून आहे."

"खोटं बोलवत नसेल तिच्याने."

"खरंही बोलवलं नाही."

"नाही बोलवलं."

"नोकरी गेली असती," सुनिल्दा म्हणाली. मग विचारलं, "चित्र कसलं होतं? मी दिलेलं?"

"ते लिहिलेलं नाही."

"मलाही आठवत नाही. काहीच आठवत नाही. चित्र दिल्याचंसुद्धा आठवत नाही." आता ती रडू लागली. खूप दमलेल्या माणसासारखी, आवाज न करता, हात मांडीवर तसेच ठेवून.

तासाभराने तिने तोंड धुतलं. मी चहा केला, पाव आणि लोणी काढलं. तिने दोन तुकडे खाल्ले. टेबलाखालच्या दोन मुलींचं चित्र तिला द्यावं असं मला फार वाटत होतं. नियमाप्रमाणे नक्कल तेवढी देता येते, पण अकरा महिन्यांतले नऊच उरलेल्या बाईला कोण विचारणार होतं? मी म्हटलं, "हे घेऊन जा. मी यादीत काहीतरी लिहीन."

तिने चित्राकडे पाहिलं आणि मान हलवली. "राहू दे इथेच. माझ्या घरी तुमच्यापेक्षा जास्त ओल आहे. मी मेले की पोरं चुलीत घालतील. त्यांचं चूक नाही, त्यांना काय कळणार टेबलाखाली कोण आहे ते. तुम्ही एवढं करा, तिचं नाव नीट लिहा. एल्विरा नाही. ओयार्सून तर मुळीच नाही, ते वरच्या आळीतले लोक, भिकारडे." स्वेटरची बटणं लावता लावता ती पुढे म्हणाली, "आणि बाई, त्या वहीत आणखी पोरी असतील."

"सात आहेत."

"त्यांच्या माणसांना सांगताना बसून सांगा. मला उभ्याने सांगितलंत. पोस्टमनसारखं."

मी ऐकून घेतलं. खरंच होतं ते.

पुढच्या आठवड्यात आम्ही कब्रस्तानात गेलो. तिथल्या नोंदवहीत 'आश्रमाची मुलगी, गोवर' अशी ऑगस्टमधली एक नोंद होती, आणि थडग्यांच्या ओळीचा क्रमांक. ती ओळ आता नाही. सत्तरच्या दशकात तिथली जागा सपाट करून भिंत घातली. रखवालदार म्हणाला, भिंतीच्या अलीकडे असेल किंवा पलीकडे, नक्की सांगता येत नाही. सुनिल्दाने फुलं आणली नव्हती. ती भिंतीला तळवा लावून उभी राहिली, दुसऱ्या हातात माझी छत्री. काहीतरी पुटपुटली. मी जरा लांब सरकले, पण शेवटचे शब्द कानावर आलेच: "चावरी कुठली."

मग म्हणाली, "चला, दोनची लाँच चुकेल."

तिच्या दोन्ही मुलांना तिने त्या रविवारी जेवताना सांगितलं. थोरल्याने विचारलं, म्हणजे आम्हाला मावशी होती? तर म्हणाली, होती, तुमच्या सगळ्या पोरांपेक्षा लहान. हे तिने मला फोनवर सांगितलं. पियानोवाली बाई अजून अधूनमधून डोक्यात येते, सवय जात नाही, पण आता तिच्याशी भांडायला जोर उरला नाही, असंही म्हणाली.

मी यादीत नाव दुरुस्त केलं. संचालकांनी सही केली आणि त्या महिन्यात खोक्यांचा आकडा विचारला नाही. उरलेल्या सात मुलींपैकी पाचजणींचं कुणीच सापडलं नाही. मिळतील त्या पत्त्यांवर मी पत्रं टाकली, ती परत आली. दोघींची माणसं सापडली. एकीचा भाऊ ओसोर्नोला सुतार होता, तो आला. मी त्याच्या शेजारी बसून सांगितलं. तो खूप रडला. दुसरीची बहीण फोनवर होती. नाव ऐकताच तिने फोन ठेवून दिला.

डिसेंबरात सुनिल्दाचा फोन आला तेव्हा मी तिला हे सांगितलं.

"ठेवून दिला? करेल पुन्हा," ती म्हणाली. "तिला वेळ द्या. आणि तुम्ही निवृत्तीपर्यंत तरी दम धरा, बाई, नाहीतर तिने केला आणि उचलायला कुणी नाही असं व्हायचं."

मी एप्रिलपर्यंत थांबले. त्या बाईचा फोन पंधरा मार्चला आला, सकाळी, मी आल्या आल्या.